सात नंबरची किल्ली

एक पितळी किल्ली, सुतळीत ओवलेली.

मनगटाएवढ्या जाडीचे काँक्रीटचे तीन तुकडे, ओल्या फडक्यात.

धोबीखान्याच्या खांबावर चाळीस वर्षांची वाफ.

एक लोकरीचं टोपडं, दोन बोटं मोठं झालेलं.

अकरा दिवस.

या सगळ्याची मोट इंजिनिअरबाईंना एका अहवालात बांधायची होती. प्रश्न साधा होता. बंद पडलेलं प्रसूती रुग्णालय पाडून टॉवर उभा करायचा, की याच भिंतींत घरं करायची? बिल्डरला पाडायचं होतं, वस्तीला ठेवायचं होतं. बाई म्हणतील ती पूर्व, असं दोघांनीही लिहून दिलं होतं.

तपासणीची रीत ठरलेली. प्रत्येक मजल्यावर एका खांबात भोक पाडायचं, तुकडा काढायचा, तो किती भार सोसतो ते पाहायचं. तळमजल्यावर धोबीखाना. पहिल्या मजल्याचा खांब येत होता खोली नंबर सातमध्ये. त्या खोलीत सहा वर्षांपूर्वी बाईंची मुलगी अकरा दिवस जगली होती.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून बाई परत फिरल्या.

"तिन्ही तुकडे इथूनच काढा."

ड्रिलवाल्या मामांनी धोबीखान्याच्या खांबाला नखाने टोकरलं. पोपडा हातात आला.

"बाई, हा तर उकडलेला बटाटा. वर चला की."

"वरही हेच बांधकाम आहे."

"शितावरून भाताची परीक्षा, कबूल. पण करपलेलंच शीत उचललं तर?"

"मामा, काढा म्हणते ना!"

मामांनी काढले.

अहवाल, पान चार. नमुना एक, तळमजला: कमकुवत. नमुना दोन, पहिला मजला: कमकुवत. नमुना तीन, दुसरा मजला: कमकुवत.

अहवालाच्या सभेत याच रुग्णालयाच्या निवृत्त मेट्रन पहिल्या रांगेत होत्या. भिंती भक्कम आहेत म्हणून वर्षभर घसा कोरडा करणाऱ्या त्याच. त्या उठल्या.

"भोकं कुठे कुठे पाडलीस गं पोरी?"

"तिन्ही मजल्यांवर."

"सातमध्येही?"

"हो."

मेट्रनचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. सातचं कुलूप त्यांनीच लावलं होतं. किल्ली एकच होती, आणि ती तिथेच होती. त्या बाईंकडे बघत राहिल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "काय मेट्रन, आज दातखीळ बसली का?"

हॉल हसला.

"बसली रे बाबा," म्हणत मेट्रन खाली बसल्या.

सभा संपल्यावर दारात त्यांनी किल्ली सोडवून बाईंच्या हातात ठेवली. "पाडायला अजून बावीस दिवस आहेत. वर जा. खांब बघ. मग खरं काय ते लिही."

"आत्ताच लिहून देते, मेट्रन. चुकलं म्हणून."

"नुसत्या चुकलं म्हणण्याने इमारत वाचत नाही. वरचा तुकडा लागतो."

बाई रोज गेल्या. एकदा अकराव्या पायरीपर्यंत पोचल्या. तिथून सातच्या दाराची वरची चौकट दिसते.

"मी येतो ना सोबत," नवरा म्हणाला.

"नको."

"अगं, ती माझीही होती."

"माहीत आहे. तू रडलास तर मला परत खाली येता येणार नाही."

बावीस संपले.

कोपऱ्यातला धोबीखाना एका धक्क्यात बसला. पहिला मजला मात्र हटेना. पोकलेनवाला घाम पुसत खाली उतरला. "कमकुवत कोण म्हणालं हो हिला? दात झिजले माझ्या मशीनचे!"

ड्रिलवाले मामा दुसरीकडे बघत होते. मेट्रन आल्याच नव्हत्या.

चौथ्या दिवशी सातची भिंत उघडी पडली. फिकट हिरवा रंग, मुलीचं टोपडं टांगायचा रिकामा हूक, आणि खोलीभर ऊन. रस्त्यावरच्या कोणालाही दिसत होतं. बाईंनाही दिसलं. किल्ली मुठीत रुतली होती.

सहा वर्षांपूर्वी, अकराव्या दिवशी सकाळी मुलगी पोटभर दूध प्यायली होती.