शिगेची पायली

मित्रांनो, मी भाजे गावाजवळच्या एका वाडीतली जुनी पायली आहे. पत्र्याची, काठ झिजलेली. धान्य मोजायचे एक माप, एवढीच माझी ओळख. पण कधीकाळी सगळ्या वाडीचा माझ्यावर विश्वास होता.

वाडीने मिळून भाताचे कोठार उभारले, तेव्हा लोहाराने मला घडवले. कोठार कुणा एकाचे नव्हते, सभासदांचे होते. सुगीत प्रत्येकाने मला शीग लावून, म्हणजे काठावर रास चढवून, भात टाकायचे. पावसाळ्यात घरातले सरले की सपाट मापाने न्यायचे. त्या शिगेच्या भातावर अडल्यानडल्याची चूल पेटायची. भामाबाईला शेत नव्हते. ती कोठारातले भात पाखडून द्यायची. भात टाकण्याऐवजी तोच तिचा वाटा. सभेत तिचा हात आणि मोठ्या शेतकऱ्याचा हात सारखाच मोजला जाई.

"आबा, शीग लावताना हात का आखडतो वं तुमचा?" ती कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हौशीरामआबांना चिडवायची.

"गप गं! तुझ्या जिभंलाच लय शीग हाय," म्हणत आबा आणखी ओंजळभर ओतायचे.

पुढे आजूबाजूला बंगले झाले. सुट्टीला येणारे पाहुणे आमचा इंद्रायणी तांदूळ मागू लागले. कोठारातल्या सगळ्याच भाताचा तांदूळ काढून तो त्यांना विकावा का, हे ठरवायला आबांनी सभा बोलावली, ती रविवारी. नोकरीवाले सभासद त्या दिवशी घरी असतात ना! पण वाडीतल्या मजूर बायका रविवारीच बंगल्यांवर स्वयंपाकाला जातात, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. हात वर झाले. भात विकले गेले.

आषाढात भामाबाई पिशवी घेऊन आली. कोठार झाडून ठेवलेले होते.

"आबा, मला इचारलं न्हाई?"

"समद्यांना बोलावलं व्हतं गं सभंला."

"रविवारी मी कुटं असते, ठावं न्हाई व्हय तुमाला? तितं बंगल्यात आपल्याच कोठारातला तांदूळ रांधते मी आता."

आबांनी घरातून शेरभर तांदूळ आणून तिच्यापुढे धरला.

"मागाय न्हाई आले, आबा. माझं न्यायला आलते."

पिशवीची घडी घालून ती निघून गेली. पुढच्या सुगीला ती पाखडायला आली नाही. मग एकेक करून बाकीचेही भात टाकायचे थांबले. मी आता फळीवर गंजत पडले आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी चारचौघांत मिळून काही ठरवाल. तेव्हा हात वर करण्याआधी कोण आलेले नाही, ते पाहा. त्याच्या दारी जाऊन त्याला विचारा. भामाबाईचे घर कोठारापासून हाकेच्या अंतरावर होते.