चुकीच्या वाटणीतली शिलाई मशीन

हो हो, मीच बोलतेय, शिलाई मशीन! घटस्फोट झाला दोन माणसांचा आणि शिक्षा भोगली मी, मग बोलायला नको?

दुकानातून मी थेट बाईंच्या हाती आले. त्या पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांचा हात चाकावर पडला की मी अशी पळायचे, की शेजारीण भिंतीवर थापा मारायची. नवरा प्लंबर. दोघंही कामाला वाघ, पण समोरासमोर आले की भांडण ठरलेलं. शेवटी कोर्टाने दोघांना मोकळं केलं.

उरली सामानाची वाटणी. वकीलबाई म्हणाल्या, "आळीपाळीने एकेक वस्तू निवडा. सह्या झाल्या की कुरकूर चालणार नाही."

पहिली पाळी नवऱ्याची. बाईंची नजर माझ्यावर आहे, हे त्या शहाण्याने हेरलं.

"मशीन माझी!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पण त्याही काही कमी नव्हत्या.

"मग ह्यांच्या पान्यांची पेटी माझी!"

दोघांनी ऐटीत सह्या ठोकल्या. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

प्लंबरच्या भाड्याच्या खोलीत माझ्यावर ओला टॉवेल वाळत पडायचा. शी! एकदा त्याने फाटकी पँट शिवायला घेतली आणि दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. मला हसू आवरेना.

पण ते हसू फार टिकलं नाही. पान्यांशिवाय त्याला काम मिळेना आणि नवे घ्यायचे पैसे वकिलांच्या फीत गेलेले. पोटगी थकली. तिकडे बाईंकडे ना मशीन, ना पोटगी. घरमालकाने त्यांना खोली सोडायला सांगितली. हे ऐकून माझा जीव तुटला हो!

बाईंनी कोर्टात अर्ज केला. तिथे काय झालं, ते प्लंबरने आरशासमोर नक्कल करून दाखवलं म्हणून मला कळलं.

"पोटगी का देत नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पाने हिच्याकडे आहेत, साहेब."

"आणि बाई, तुम्ही कमवत का नाही?"

"मशीन ह्याच्याकडे आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. "संमतीने अदलाबदल लिहून द्या. आजच्या आज!"

प्लंबरने मला खांद्यावर घेऊन, धापा टाकत बाईंच्या दारात ठेवलं. बाईंनी पदराने माझी धूळ पुसली. "किती हाल केले गं तुझे!" मला अगदी भरून आलं.

पेटी परत देताना बाई म्हणाल्या, "भाड्याचं माझं मी बघेन. पुढच्या महिन्यापासून तुझी पोटगी नको." संसारात सदा 'अहो', आता थेट 'तू'!

प्लंबर भडकला. "नको म्हणजे? कोर्टाचा आदेश आहे. मी देणारच!"

"मी घेणार नाही!"

"बघतोच कशी घेत नाहीस ते!"

एकत्र होते तेव्हा एकमेकांकडून ओढून घ्यायचे, आता देण्यावरून जिना डोक्यावर घेतात. दोघंही पुन्हा कोर्टात निघालेत म्हणे. वाचकहो, तुमच्यात कुणी वकील असेल तर त्यांचं काय ते मिटवा, पण मला मध्ये घेऊ नका. गणवेश अर्धे शिवून झालेत आणि शाळा सोमवारी उघडतेय.