सड्यावरची सवत

पौडच्या रत्नाबाईला सवत होती, आणि ती सवत म्हणजे एक विमान. असं ती स्वतःच सांगायची, नि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरा वाल्मीक विमानाचा मिस्त्री. मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं लष्कराच्या भंगारातून दोन पंख्यांचं विमान उचललं होतं. वाल्मीकनं ते खिळा न् खिळा उकलून पुन्हा उभं केलं, आत खुर्च्या बसवल्या, अंगावर निळा पट्टा आपल्या हातानं ओढला. सुट्टीला घरी आला तरी तोंडी तिचंच नाव. लढाईत ब्रह्मदेशातून जखमी शिपाई तिनं आणले, फाळणीत माणसं कोंबून कोंबून आणली, आता शेटलोकांना बेळगावला नेते. रत्नाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "येवढी गुणाची हाय तर तिच्यापाशीच ऱ्हावा की!"

बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात, ती अशी. त्रेपन्नच्या आषाढात विमान गेलं ते गेलंच. रिकामं विमान दुरुस्ती करून मुंबईला परत नेत होते, आत दोघंच, वैमानिक आणि वाल्मीक. कंपनीनं समुद्रात बुडालं म्हणून सांगितलं आणि पुढं स्वतःचंही दुकान गुंडाळलं. सासू म्हणाली, कुंकू पूस. रत्नाबाई म्हणाली, मढं दाखवा, मग पुसते. तीन वर्षं झाली, गावात कुजबुज वाढली, आणि यंदा दीर हटूनच बसला की पितृपक्षात भावाचं पान घालायचंच. "सर्वपित्रीपातूर शोध न्हाई लागला तर पुसते," ती म्हणाली. बाई शब्दाची पक्की होती, आणि म्हणूनच तिची झोप उडाली.

वाल्मीकबरोबर काम केलेला मोहिद्दीन मिस्त्री तिनं पुण्यात गाठला. तो म्हणाला, "समुद्र कुठला, वहिनी? ढगात अडकलोय, पुण्याच्या पश्चिमेला डोंगरांवर घिरट्या घालतोय, असं बिनतारीवर कळवलं होतं त्यांनी." तेवढ्या धाग्यावर बाई निघाली, आवाजाचा माग काढत. मुळशीच्या धरणाकाठी एक म्हातारी म्हणाली, डोईवरनं घरघरत गेलं, घाटाकडं. पुढच्या वाडीत म्हणाले, लई खाली होतं, कौलं थरथरली. आणि तिथून हाकेच्या अंतरावर ताम्हिणीत? ताम्हिणीत कुणी काही ऐकलंच नव्हतं! सगळ्यांनी एकजात माना हलवल्या. रत्नाबाईला तिथंच पाणी मुरतंय हे कळलं. मग तिला कोंडिबा पाटलाचं कोंबड्यांचं खुराडं दिसलं. खुराड्यावर पत्रा होता, आणि पत्र्यावर निळा पट्टा.

"पाटील, ही माझी सवत हाय," ती म्हणाली. "बाकीची कुटं हाय?"

कोंडिबा मटकन ओट्यावर बसला. "वर सड्यावर. येक पंख मोडलाय, बाकी धड हाय."

"मग तोंड का शिवलं हुतं?"

"पोलीस, पंचनामा, कचेरी... नसतं लचांड कोण गळ्यात घिईल? पर आमी धर्म सोडला न्हाई, बाई. येक मढं घावलं, गोऱ्या, घाऱ्या डोळ्याच्या मानसाचं. त्येला अग्नी दिला. टोप्या मातूर दोन. दुसरा दरीत गेला आसंल, वाघानं न्हेला आसंल. तसाच सोडला तर गावाला बाधा. म्हून गवताचा मानूस केला, त्योबी जाळला, दहावा घातला. आन् कावळा शिवला की, झटक्यात!"

वाल्मीक काळासावळा; घारा तो वैमानिक. म्हणजे गवताचा जाळला तो आपला. रत्नाबाईचा हात कपाळाकडं गेला आणि तिथंच थांबला, कारण आतून पाटलीण सारजाबाई बोलत बाहेर आली.

"शिवून काय उपेग? दहावा उरकून नदीवरनं येतोय तर ते वेशीवर हुबं!"

"कोण?"

"भूत, दुसरं कोण? रगतानं माखल्यालं, लंगडत हुतं. 'मी जित्ता हाय, पानी द्या' म्हनायचं. आता तूच सांग, कावळा शिवल्यावर कुनी जित्तं आसतं व्हय? धोंडं मारलं, राई फेकली, तवा वर गेलं. पर आमी काय कसाई न्हाई. पाळीपाळीनं रोज भाकर ठिवतो. ताट चाटूनपुसून सोच्छ करतंय. पयल्या सालाला लई वरडायचं. आता न्हाई वरडत. शानं झालंय."

रत्नाबाईनं दोघांकडं पाहिलं. काय करावं अशा माणसांना? शिव्या घालाव्यात, तर तीन वर्षं भाकरी यांचीच. पाया पडावं, तर धोंडेही यांचेच. ती एवढंच म्हणाली, "आज सर्वपित्री. पान मी न्हेते."

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. भर दुपारी तिथं धुकं इतकं की पुढचा हात दिसेना. वाट दाखवायला आलेली सारजाबाई काठावरच थांबली. "ठिव आन् फीर. बोलू नगं त्येच्याशी," असं म्हणून ती उतरलीसुद्धा.

आधी आवाज आला. कुर्र, कुर्र, रहाट फिरावा तसा. मग धुक्यातून विमानाचं वर उचललेलं तोंड दिसलं. सगळं अंग शेवाळानं हिरवं, खिडक्यांत नेचे उगवलेले. निळा पट्टा तेवढा लख्ख, कुणीतरी रोज पुसावा असा. वारा नव्हता, आणि पंखा सावकाश फिरत होता. रत्नाबाईला पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला बोला, एक पाऊल तिनं मागं घेतलंही. मग तिनं पान खाली ठेवलं आणि तिथंच फतकल मारली.

पंखा थांबला. पंख्यामागून छातीपर्यंत दाढी वाढलेला एक माणूस एक पाय ओढत आला, आणि लांबच उभा राहिला.

"ठिवून जा, बाई," तो हळूच म्हणाला. "हितं बसू नका. बाधंल तुमाला."

आवाज त्याचाच होता. "अवो," ती म्हणाली, "मी हाय."

त्यानं निरखून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळायचा सोडून एकदम पडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "रत्ना? अगं, तू कवा गेलीस?"

"गेले? कुटं गेले?"

"जित्ती मानसं मला बघून पळत्यात. तू पळाली न्हाईस." तो जवळ येऊन बसला. "कशानं गेलीस गं? तापानं?"

तिनं त्याचा हात धरला, आपल्या गालाला लावला. "बघा, ऊन हाय का न्हाई? जित्ती हाय मी. तुमीबी जित्तं हायसा!"

"माझाबी हात ऊनच हाय," तो समजूत घालत म्हणाला. "पयल्यांदा मीबी असंच म्हनायचो. वरीसभर पटत न्हाई. माझा दहावा झाला, रत्ना. कावळा शिवला. समद्या गावानं बघितलंय. येवढी मानसं खोटं बोलतील व्हय?"

ती रडली, भांडली, देवाची शपथ घातली. तो मान हलवत ऐकून घेत राहिला, लहान पोराचं ऐकावं तसं. शेवटी विमानाच्या दाराकडं बोट करून म्हणाला, "चल आत. खिडकीची जागा तुला देतो. तुला यकदा बशिवायचं लई मनात हुतं."

दाराआत अंधार होता. रत्नाबाईनं त्या अंधाराकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसलं. कुंकवाला धक्का लागू दिला नाही.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "गेले मी. पर माझा जीव अडकलाय. तुमाला घरी न्हेल्याबिगर माझा कावळा शिवायचा न्हाई."

त्यानं दुखरा पाय जवळ ओढला. मग हातावर जोर देऊन उठला. "मग यायला पायजे," तो म्हणाला. "तुला असं लटकत कसं ठिवू?"

दोघं सडा उतरली. त्याचा भार तिच्या खांद्यावर होता, आणि भार चांगला माणसाएवढा होता. धुक्याखाली ताम्हिणीची घरं दिसायला लागली. कुणीतरी किंचाळलं, आणि दारं धडाधड लागली. रत्नाबाई वेशीत शिरणार, तोच त्यानं तिचा दंड धरून तिला थांबवलं.

"हितं धोंडं मारत्यात," तो म्हणाला. "माझ्या मागं ऱ्हा." आणि पाय ओढत तो पुढं झाला.