कवटीचं लेबल

गोदामातली साबण पावडर कामगार डब्यातून घरी नेत. गेलं वर्षभर ते बंद होतं, आणि मालक त्याचं सगळं श्रेय मेहुण्याला देई. बायकोच्या भावाला स्टोअरकीपर केल्यापासून मिरवण्यासारखी एवढी एकच गोष्ट हाती लागली होती, म्हणून आल्यागेल्याला तो ती दोनदा ऐकवी.

मेहुण्याची युक्ती साधी होती, आणि ती त्याने मालकालाही सांगितली नव्हती. कार्बाइडच्या पिंपांवरची कवटीची लेबलं त्याने नखाने सोडवली आणि साबणाच्या पिंपांवर चिकटवली. कवटीत हात कोण घालणार? कार्बाइडची पिंपं लेबलाविना उघडीबोडकी राहिली. पण ते घरी नेऊन कुणी करणार काय, असा त्याचा हिशेब.

एका दुपारी पिंपांच्या दोन रांगांच्या मधले पुठ्ठे पेटले.

अग्निशमन दलाच्या अधिकारी बाई वारा पाठीशी घेऊन लांबच उभ्या राहिल्या. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

“उजवीकडे कार्बाइड दिसतंय. त्याला पाणी लागलं तर गॅस सुटेल आणि छप्पर आपल्याला शोधत येईल. डावीकडे काय?”

“साबण,” मालक म्हणाला. लेबलं त्यालाही वाचता येत होती.

“मग डावीकडून पाणी मारा.”

दोन जवान पाइप घेऊन निघाले. मेहुण्याच्या तराजूत एकीकडे नोकरी, बहिणीच्या घरातली खोली आणि वर्षभराची कीर्ती. दुसरीकडे हे दोघे.

“मॅडम, डावीकडेही पाणी नको.”

“का?”

“साबण भिजेल.”

“भिजू दे की,” मालक म्हणाला. “तुझ्या काय तीर्थरूपांचा आहे?”

“फेस फार होतो, भाऊजी.”

जवान दारात पोचले.

“थांबवा त्यांना,” मेहुणा म्हणाला. “डावीकडे कार्बाइड आहे. साबण उजवीकडे. लेबलं मी बदललीत.”

बाईंनी हात वर केला. जवान थांबले.

“नक्की?”

“माझ्याच हातची आहेत.”

“म्हणूनच विचारतेय.” त्या जवानांकडे वळल्या. “लेबलांवरचा विश्वास उडाला आणि यांच्यावर अजून बसलेला नाही. दोन्ही रांगा कार्बाइडच समजा. पाणी बंद, कोरडी वाळू आणा.”

शेजारच्या बांधकामावर वाळू होती. आग विझायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात मालकाने मनातल्या मनात सगळी वाक्यं जुळवली होती.

“उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

“तोंड राहू द्या, यांचे हात लागतील,” बाई म्हणाल्या. “मागच्या खोल्यांतही हीच कला आहे का?”

मेहुण्याने मान डोलावली. “एकूण एकशे चाळीस पिंपं.”

“कशात काय आहे, ते आणखी कुणाला माहीत आहे?”

मालकाने कामगारांकडे पाहिलं. कामगारांनी कवट्यांकडे पाहिलं.

“मग खरी लेबलं लागेपर्यंत गोदामाला टाळं. लावतील हे, तपासेल माझा माणूस.”

बाई गेल्यावर मालकाने आवाज बराच खाली आणला. “किती दिवस लागतील रे?”

मेहुण्याने कपाळावरची वाळू पुसली.

“घाई केली की चुका होतात, भाऊजी.”