डोंगे सात

"मॅडम, याच्यात डोंगे कुठी हायेत?"

धुरपताबाईनं विचारलं आणि समाजमंदिरातल्या सगळ्या माना मागं वळल्या. पडद्यावर धरणाच्या फुगवट्याचा नकाशा होता आणि निळ्या पाण्यात एक पिवळा चौकोन. तिथं तरंगते सोलर पॅनल बसणार, मासेमारी बंद. नेमके तिथंच पुनर्वसनातल्या मासेमार ढिवरांचे सातही डोंगे, त्यांच्या लहान होड्या, जाळी टाकत. धरणात गाव गेलं, तेव्हा एवढं पाणीच काय ते पदरात पडलं होतं.

तीन वर्षांपूर्वी पडद्याजवळची हीच खुशबू मॅडम नागपूरहून आली होती. पुढच्या तीस वर्षांत ऊन-वारा कसा राहील याचा सरकारी खर्चानं संगणकावर अंदाज काढायचा, मग वीज कुठं तयार करायची ते ठरवायचं, असं तिनं समजावलं. काठावर ऊन-वारा मोजायचं यंत्र बसलं. सातवी शिकलेल्या धुरपताबाईकडं काम आलं: रोज सकाळी साडेआठला यंत्राची काच पुसायची, वही भरायची. मॅडमनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर बाईनं लाजून शेजारच्या शकुनबाईकडून सांगवलं. त्या वयात!

वहीत शेवटी पाण्याचा रकाना होता. पाणी शांत आहे की नाही हे ढिवराला एकाच गोष्टीवरून कळतं: लाट असली की डोंगा काठाला. म्हणून बाई लिहायची, 'पाणी शांत. डोंगे सात.' अंगात ताप असला तरी तिनं एक दिवस चुकवला नाही. मॅडम यायची, झिंग्यांचा रस्सा ओरपायची, म्हणायची, "मावशी, तुमची वही म्हणजे सोनं आहे."

आता पडद्यावर त्याच वहीवरून लिहिलं होतं: वर्षातले दोनशे नव्वद दिवस पाणी शांत, जागा उत्तम.

"मावशी, मॉडेलला फक्त पाण्याची स्थिती लागते," मॅडम हळू आवाजात म्हणाली. "डोंग्यांसाठी त्यात जागाच नव्हती."

"मंग तीन साल मी कोणासाठी लिहून राहिली होती? तुमाले हे कधीपासून मालूम होतं?"

"मागच्या वर्षी कळलं."

"म्हंजे दिवाळीत माह्या घरी जेवल्या, तवा मालूम होतं!"

मॅडमनं लॅपटॉपचं झाकण लावलं. मेलं ते सोनं! बाईच्या जिवाची नुसती आग झाली.

बाहेर शकुनबाईनं गाठलंच. "काहून वो धुरपता, आमच्या पोटावर पाय द्याले वही भरत होतीस का?" नवरा, परसराम, बाजूलाच उभा होता. तो शकुनबाईच्याच मागं निघून गेला, आणि तेच धुरपताबाईला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा ढकलता ढकलता परसराम म्हणाला, "आज काच नोको पुसू. बसू दे धूळ."

"खोटं त्याइनं केलं. मी काहून करू?"

साडेआठला तिनं पदरानं काच लख्ख पुसली. आकडे लिहिले. समोर सातही डोंगे पाण्यात होते. 'पाणी शांत,' तिनं लिहिलं आणि थांबली. मग रकान्याची रेघ ओलांडून, पानाच्या कडेपर्यंत, एकेका डोंगेवाल्याचं नाव लिहीत गेली. सगळ्यात वर, तीस वर्षांच्या संसारात जे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, ते: परसराम.