पूजेतलं नारिंगी यंत्र

फोन आला तेव्हा सुमंत ठवकरांच्या दोन्ही हातांना हळद लागलेली होती. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून तिच्यावर ते चालवत असलेल्या ट्रेकिंग क्लबचं सगळं सामान मांडलं होतं. दोर, हेल्मेटं, बर्फातल्या कुऱ्हाडी, दोन स्टोव्ह, आणि मधोमध, झेंडूच्या फुलांत अर्धं बुडालेलं, मुठीत मावेल एवढं एक नारिंगी यंत्र.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला अवजारांची पूजा चुकवणं जमण्यासारखं नव्हतं. कारखान्याचा नियमही त्यांनी घरी आणला होता. एकदा कुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही.

त्यांनी कोपराने फोन उशीला टेकवला आणि करंगळीने स्पीकर सुरू केला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. बचाव केंद्रातून बोलतोय म्हणाला.

"तुमच्या नावावर नोंदलेल्या बीकनचा सिग्नल येतो आहे. नऊ अठ्ठावन्नपासून."

सुमंतरावांनी फुलांतल्या यंत्राकडे पाहिलं.

बीकन म्हणजे तेच नारिंगी यंत्र. मोबाइलची रेंज नसलेल्या डोंगरात जीव धोक्यात आला की त्याची अँटेना उघडायची आणि बटण दाबायचं. सिग्नल उपग्रहामार्फत केंद्रात पोचतो आणि केंद्र आधी मालकाला फोन करतं. क्लबकडे अशी दोन यंत्रं होती. एक दहा वर्षांचं. त्यात जीपीएस नव्हतं आणि त्याच्या बॅटरीची मुदत मार्चमध्येच संपली होती. दुसरं ऑगस्टमध्ये आणलेलं, त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं. ते आणलंच होतं उन्नतीसाठी. त्यांची ही एकुलती एक मुलगी सहा दिवसांपूर्वी दोन मैत्रिणींबरोबर हिमाचलातली एक खिंड ओलांडायला गेली होती. शेवटच्या गावातून तिचा फोन आला तो रविवारी.

"कोणतं बीकन?" त्यांनी विचारलं. "नवं?"

"नाही. नंबरच्या शेवटी चार-दोन. दोन हजार पंधराची नोंद आहे."

जुनं. सुमंतरावांचा श्वास मोकळा झाला. जुनं तर समोर फुलांत होतं.

गेल्या वर्षी हेच झालं होतं. शेजारचे मधुसूदन, क्लबचे सगळ्यात जुने सभासद, पूजेला बसले आणि यंत्र नीट दिसावं म्हणून त्यांनी त्याची अँटेना उघडली, मग टिळा लावताना बटणावर अंगठा दाबला. अर्ध्या तासात केंद्राचा फोन. वरून लेखी खुलासा द्यावा लागला. कारखान्यात सुरक्षा विभाग सांभाळलेल्या सुमंतरावांना तो खुलासा लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि आजही टिळे मधुसूदननीच लावले होते.

"इथंच आहे साहेब, माझ्यासमोर," सुमंतराव म्हणाले. "पूजा सुरू आहे. चुकून दाबलं गेलं असेल."

"सिग्नल सारखा तुटतो आहे. ठिकाण धरता येत नाही."

"घरात आहे ना. वर स्लॅब आहे."

"तुमच्यापैकी कुणी बाहेर गेलेलं आहे का?"

"मुलगी गेली आहे. पण तिच्याजवळ नवं आहे. ते वाजलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

अधिकारी म्हणाला, "यंत्र बंद करा आणि मला कळवा."

"केलंच समजा," सुमंतराव म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी यंत्राकडे हात नेला, तशी त्यांच्या बायकोने, कामिनीताईंनी, आरतीचं ताट मध्ये धरलं. "अहो, काय करून राहिले? पूजेतली वस्तू उचलता?"

"बंद करायचं आहे वं."

"आरती होऊ द्या. दहा मिनिटांनी काय होते?"

मधुसूदन कानकोंडे झाले होते. "मी नाही गा दाबलं या वेळी. आईशप्पथ. नुसतं बोट टेकवलं."

"तुमचं नुसतं बोट, मधुभाऊ! गेल्या वर्षी त्यानं हेलिकॉप्टर येत होतं सक्करदऱ्यात."

"आलं असतं तर तलावावर उतरवलं असतं. पोराईले फुकटात पाहायले भेटलं असतं," मधुसूदन म्हणाले, आणि सगळे हसले.

आरती झाली. मंत्रपुष्पांजली झाली. यंत्र आता नैवेद्यानंतरच, म्हणत कामिनीताईंनी आत जाऊन नैवेद्याचं ताट आणलं. मधुसूदननी बसल्या बसल्या टीव्ही लावला. हिमाचलात अवेळी बर्फ पडला होता, रस्ते बंद होते, एक ट्रक अर्धा गाडला गेलेला दाखवत होते. सुमंतरावांनी बातमी शेवटपर्यंत पाहिली. नवं यंत्र वाजलेलं नाही, हे त्यांनी मनाशी पुन्हा एकदा घोकलं.

"त्या नव्या डबीवरचं प्लास्टिक तरी काढायचं होतं," कामिनीताई यंत्रापुढे पाणी फिरवत म्हणाल्या. "कुंकू कसं घसरून राहिलं पाहा."

"नवी कोणती?"

कामिनीताईंचा हात थांबला.

"कामिनी, नवी कोणती?"

"रागावू नका. नवी वस्तू पूजा झाल्याशिवाय घराबाहेर कशी काढायची? मीच म्हटलं उन्नतीले, जुनी घेऊन जा, दसऱ्यानंतर ही तुझीच. ती म्हणे, बाबाले सांगू नको."

सुमंतरावांनी फुलं बाजूला सारली आणि यंत्र उचललं. या वेळी कुणी अडवलं नाही. अँटेना जागच्या जागी दुमडलेली होती आणि तिच्यावरचं कंपनीचं लाल सील शाबूत होतं. ते सील तोडल्याशिवाय बटणापर्यंत बोटच पोचत नाही. सीलच्या बरोबर मधोमध मधुसूदनच्या बोटाचं कुंकू होतं.

घड्याळात दहा अठ्ठावन्न झाले होते.

केंद्राचा नंबर लावताना फोनची काच हळदीची बोटं ओळखेना. दुसऱ्या खेपेला लागला. तोच अधिकारी होता.

"साहेब, ते माझ्या मुलीजवळ आहे. जुनं. हिमाचलात आहे ती. मी चुकलो."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"सिग्नल दहा एक्केचाळीसला थांबला," अधिकारी म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्ही बंद केलंत."

"ठिकाण?"

"मिळालं नाही. यंत्र घरातच आहे, असं तुम्ही सांगितलं होतं. नंतर त्याच्यामागे कुणी लागलं नाही."

बॅटरीची मुदत सुमंतरावांनी स्वतःच्या हाताने क्लबच्या वहीत लिहिली होती, आणि तिच्याखाली लाल रेघ मारली होती. बॅटरीने दम सोडला असेल. किंवा यंत्रावर बर्फ आला असेल. किंवा ते ज्या हातात होतं तो हातच... पुढचं त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

"त्यांचा मार्ग सांगा," अधिकाऱ्याचा आवाज आता बदलला होता. "आज कुठे असायला हवे होते? लवकर. तिथे दुपारनंतर ढग उतरतात, मग हेलिकॉप्टर जात नाही."

उन्नतीने जाताना फ्रिजवर कागद चिकटवला होता. सुमंतराव एका हातात यंत्र धरून स्वयंपाकघरात गेले. सातव्या दिवसापुढे तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'खिंड. बर्फ असेल तर खालच्या नाल्याने.'

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले.

"त्यांतला कोणता?"

सुमंतराव कागदाकडे पाहत राहिले. टीव्ही कुणीतरी बंद केला होता. कामिनीताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात नैवेद्याचं ताट तसंच होतं.

"साहेब, कोणता?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. "एकाच ठिकाणी जाता येईल."