कुलूप तळाशी असलेली लाल पेटी

मी एक जुनी लाल पेटी आहे, लंडनच्या सरकारी कचेरीतली. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची तर आधी खिशातले फोन बाहेर ठेवा. राग मानू नका. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

मला लाकडातून घडवलं, वर मेंढ्याचं लाल कातडं चढवलं आणि कुलूप मुद्दाम तळाशी बसवलं. ते लावायला विसरून कुणी मला उचललं, तर सगळे कागद जमिनीवर! या युक्तीचं केवढं कौतुक व्हायचं. माझी किल्ली बावीस वर्षं कचेरीतल्या मोरीनबाईंकडे होती.

मग देशाने युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं. ते काम आमच्या लॅचफर्ड मंत्र्यांच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून कचेरीत जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. ब्रसेल्समध्ये युरोपशी चाललेली बोलणी अडलीच, तर मासेमारीच्या हक्कांत शेवटी किती माघार घ्यायची, ते साहेबांनी एका कागदावर लिहिलं.

"पेटीत नको," ते पुटपुटले. "किल्ली दुसऱ्याकडे असते."

कागद काखेत मारून ते मोटारीतून उतरले. समोर पेपरवाल्यांचे लांबलचक नळ्यांचे कॅमेरे रोखलेले. दुसऱ्या हातात मी, रिकामी!

सकाळच्या पेपरात तो मजकूर जसाच्या तसा. साहेब फणफणत आले.

"मोरीन, तुम्ही परवा आयरिश पासपोर्ट काढलात ना? आयर्लंड तर अजून युरोपच्या संघातच आहे!"

"आजी आयर्लंडमधल्या कॉर्कची होती, साहेब. अर्ध्या कचेरीने काढलाय. तुमच्या मिसेसनीसुद्धा!"

"ते वेगळं. किल्ली ठेवा आणि घरी जा."

"बावीस वर्षांत इथली टाचणीसुद्धा नेली नाही मी," म्हणत त्यांनी किल्ली माझ्यावर ठेवली. मला खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पेटीला कुठलं तोंड?

दुपारच्या पेपरात फोटो आला. साहेबांच्या काखेतला कागद, अक्षर न् अक्षर स्पष्ट, आणि त्यावर त्यांचीच अंगठी घातलेली करंगळी. शेजारी मी, नीट कुलूपबंद.

साहेबांनी मोरीनबाईंना फोन लावला. "झालं गेलं विसरा हो. उद्या या."

"किल्ली पेटीवर ठेवलीय, साहेब. आता तुम्हीच सांभाळा," एवढंच त्या बोलल्या. पुन्हा काही आल्या नाहीत.

तेव्हापासून मी कपाटावर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण ज्याने वर्षानुवर्षं तुमची किल्ली सांभाळली, त्याला चोर म्हणण्याआधी एकदा स्वतःच्या काखेत बघा.